एकाच टीममध्ये दोन वर्षं काढून सॉलिसिटर? इंग्लंडची नवी पद्धत समजून घेऊ

परदेशी वकील आणि परदेशी लॉ फर्म्स यांच्याबद्दलचे सुधारित नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने मे २०२५ मध्ये जाहीर केले. त्यांचा ढोबळ आशय असा की परदेशी फर्मला भारतातल्या कोर्टात उभं राहता येणार नाही, पण नोंदणी करून परदेशी कायद्यावर सल्ला देता येईल. तेव्हा 'इंग्लंडचं सॉलिसिटर होऊन ठेवावं का' हा विचार कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मनात येणं स्वाभाविक आहे. चौकशी केली की मात्र डोकं गरगरतं. आधीच्या पिढीतले लोक सांगतात की दोन वर्षं चार वेगवेगळ्या विभागांत फिरावं लागतं. आजच्या काही जाहिराती म्हणतात, आमच्या एकाच टीममध्ये या, तिथेच शिका, तिथेच सॉलिसिटर व्हा.

दोन्ही खरं आहे. मधल्या काळात नियम बदलले.

आधी हे सॉलिसिटर प्रकरण काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलीचे दोन मुख्य पेशे आहेत. अशील पहिल्यांदा ज्याच्याकडे जातो, जो कागद मागवतो, पत्रं लिहितो, करार तयार करतो, तडजोडीची बोलणी करतो, तो सॉलिसिटर. युक्तिवाद करणं आणि अवघड मुद्द्यावर लेखी मत देणं हे प्रामुख्याने बॅरिस्टरचं काम. सॉलिसिटरला खालच्या कोर्टांत उभं राहता येतं, वरच्या कोर्टांसाठी वेगळा अधिकार मिळवावा लागतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी, तिकडे आपण जायला नको.

मुंबईकरांना ही विभागणी नवी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अशील सॉलिसिटरकडे आणि सॉलिसिटर काउन्सेलकडे, हाच शिरस्ता होता. त्याची सक्ती १९७० च्या दशकात कायद्याने गेली. फोर्टमधल्या जुन्या सॉलिसिटर फर्म्स मात्र आहेत, आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची आर्टिकलशिप आणि परीक्षाही आहे.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी. पुढे तिला 'नियामक' एवढंच म्हणू.

जुनी वाट आणि तिच्यातला अडथळा

२०२१ पर्यंतचा सरळ रस्ता असा होता: कायद्याची पदवी, मग एक वर्षाचा व्यावसायिक अभ्यासक्रम, मग एखाद्या फर्मबरोबर दोन वर्षांचा प्रशिक्षण करार. या दोन वर्षांत फर्म उमेदवाराला सहसा सहा-सहा महिने चार विभागांत बसवायची. कंपनी कायदा, मालमत्ता, कोर्टातले वाद, नोकरीविषयक कायदा असं काहीतरी. किमान तीन क्षेत्रांचा अनुभव नियमानेच सक्तीचा होता, आणि वादाचं काम व बिनवादाचं काम दोन्ही करावं लागे.

ऐकायला छान आहे. अडचण करार मिळण्यात होती. अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुलं जास्त आणि करार कमी. फर्मने घेतलं तर पुढचा रस्ता खुला, नाहीतर फी भरून बसलेले. मग यातली कितीतरी मुलं पॅरालीगल म्हणून नोकरी धरायची. म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली, जवळपास सॉलिसिटरचंच काम, पण हुद्दा नाही. एखादी मुलगी पाच वर्षं घरभाड्याच्या वादांच्या फाइली सांभाळते, नवीन आलेल्या प्रशिक्षणार्थ्याला तीच काम शिकवते, आणि सहा महिन्यांनी तो पुढच्या विभागात जातो. दोन वर्षांनी तो सॉलिसिटर आणि ही अजून पॅरालीगल. तिचा अनुभव एकाच क्षेत्रातला, म्हणून तो सहजासहजी धरला जात नसे. २०१४ पासून 'समकक्ष अनुभव' दाखवून करार टाळायची एक पळवाट होती, पण ती किचकट होती आणि थोड्यांनाच जमली.

२०२१ मध्ये काय बदललं

१ सप्टेंबर २०२१ पासून नवी पद्धत आली. तिच्यात चार गोष्टी लागतात: कोणत्याही विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, सर्वांना सारखी असलेली एक केंद्रीय परीक्षा, दोन वर्षांचा कामाचा अनुभव, आणि चारित्र्याची तपासणी.

परीक्षेचं नाव सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन. तिकडे सगळे 'एसक्यूई' म्हणतात, आपणही तेच म्हणू. अनुभवाला 'क्वालिफाइंग वर्क एक्स्पीरियन्स' असं लांबलचक नाव आहे, त्याला आपण नुसतं 'अनुभव' म्हणू.

खरी मेख या अनुभवाच्या व्याख्येत आहे. दोन वर्षं पूर्णवेळ, किंवा अर्धवेळ करून तेवढीच भरतील इतकी. एका ठिकाणी किंवा जास्तीत जास्त चार ठिकाणी. पगारी किंवा बिनपगारी. फर्म, कंपनीचा कायदा विभाग, नगरपालिका, विद्यापीठातलं मोफत कायदा सल्ला केंद्र, काहीही चालतं. नियामकाने सॉलिसिटरच्या अंगी असावीत अशा कौशल्यांची यादी केली आहे. त्यातली किमान दोन कमावण्याची संधी तुम्हाला त्या कामात मिळाली पाहिजे. तीन क्षेत्रांची अट गेली. वाद आणि बिनवाद ही अटही गेली.

म्हणजे वरच्या गोष्टीतल्या त्या मुलीची पाच वर्षं आता मोजता येतात, २०२१ च्या आधीची असली तरी. आणि एखाद्या टीमला पहिल्याच दिवशी सांगता येतं की ही उमेदवार आमच्याकडेच शिकेल आणि आमच्यातूनच सॉलिसिटर होईल.

आपल्याकडे ही रचना चटकन कळावी, कारण घरोघरी एखादा सीए असतो. आर्टिकलशिप एखाद्या छोट्या फर्ममध्ये होते, तिथे दोन वर्षं फक्त जीएसटीचे रिटर्न भरले जातात, नाहीतर फक्त ऑडिटची व्हाउचर तपासली जातात. पण फायनलची परीक्षा सगळ्यांना सगळ्या विषयांची. अनुभव अरुंद, परीक्षा रुंद. इंग्लंडने सॉलिसिटरांसाठी साधारण हाच तोडगा काढला आहे.

एका टीममध्ये दोन वर्षं म्हणजे नेमकं काय होतं

एक क्षेत्र घेऊन पाहू: वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या बाजूने हेच एक काम करणाऱ्या टीम आहेत, आणि लवकर एका क्षेत्रात शिरणाऱ्यांना हे क्षेत्र मानवतं, कारण शिकायला खूप आहे आणि ते सहा महिन्यांत उरकत नाही.

पहिल्या काही महिन्यांत उमेदवाराच्या टेबलावर रुग्णाच्या नोंदी येतात. सरकारी रुग्णालयाच्या नोंदी म्हणजे शेकडो, कधी हजारो पानं, आणि ती कधीच क्रमाने नसतात. नर्सच्या रात्रीच्या नोंदी एका गठ्ठ्यात, रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्यात, फॅमिली डॉक्टरचं पत्र तिसऱ्यात. उमेदवाराने ती लावायची, पानांना नंबर घालायचे आणि तारीखवार टिपण तयार करायचं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी काय पाहिलं आणि काय केलं. काम कंटाळवाणं दिसतं. पण रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात तापाची एकही नोंद नाही, हे याच टिपणातून दिसतं, आणि कधी कधी सगळी केस त्या चार तासांवर उभी राहते.

त्याच वेळी मुदतीचा हिशोब. दावा लावायला साधारण तीन वर्षं, घटनेपासून किंवा आपल्या उपचारात चूक झाल्याचं कळल्यापासून. रुग्ण लहान मूल असेल तर मोजणी अठराव्या वाढदिवसापासून. ही तारीख चुकली तर बाकी सगळं उत्तम करूनही उपयोग नाही, म्हणून ती फाइलच्या पहिल्या पानावर असते.

पुढच्या टप्प्यात तज्ज्ञांची मतं. दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: डॉक्टरांचं वागणं जबाबदार सहकाऱ्यांना मान्य होईल असं नव्हतं, आणि नुकसान त्याच वागण्यामुळे झालं. पहिली कसोटी १९५७ च्या 'बोलम' निकालातून आली. रुग्णाला धोके नीट सांगितले होते का, या प्रश्नावर २०१५ च्या 'माँटगोमेरी' निकालाने तिला मुरड घातली. नवखा माणूस या दोन गोष्टींची सरमिसळ करतो. चूक झाली हे दिसलं की केस जिंकली असं त्याला वाटतं. चूक झाली असली तरी रुग्णाचा आजार तसाही त्याच वाटेने गेला असता, असं तज्ज्ञाने लिहिलं की दावा कोसळतो. हे पुस्तकात एका परिच्छेदात असतं. फाइलवर ते कळायला चार-सहा अहवाल वाचावे लागतात, आणि तोवर जुन्या पद्धतीतल्या उमेदवाराचे सहा महिने संपून तो मालमत्ता विभागात गेलेला असतो.

मग दाव्याचं सविस्तर पत्र, समोरच्या बाजूला उत्तरासाठी चार महिने, मग बोलणी किंवा कोर्ट. अशा केसेस वर्षानुवर्षं चालतात. दोन वर्षं एकाच टीममध्ये राहिलेल्याला निदान एखादी फाइल बरीच दूरवर नेता येते. फिरत्या पद्धतीत मधलाच एक तुकडा हाती लागतो, आणि सुरुवात कशी झाली होती हे फाइल उलगडूनच समजतं. एकाच टीमच्या बाजूने बोलायचं तर मला सर्वात वजनदार मुद्दा हाच वाटतो.

'पण मग बाकीचा कायदा कधी शिकणार?'

परीक्षेसाठी शिकावाच लागतो, आणि ती परीक्षा हलकी नाही. एसक्यूईचा पहिला भाग म्हणजे पुस्तक बंद ठेवून ३६० बहुपर्यायी प्रश्न, १८० चे दोन पेपर. पाच पर्यायांतले दोन-तीन बरोबरच वाटतात, त्यातला सर्वात योग्य निवडायचा. करार, गुन्हेगारी कायदा, जमीन, ट्रस्ट, मृत्युपत्र, कंपनी, कर, सगळं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा ५३ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले, आणि त्यानंतरही निकाल निम्म्याच्या आसपासच घुटमळत आला आहे.

दुसऱ्या भागात १६ कामं प्रत्यक्ष करून दाखवायची, १२ लेखी आणि ४ तोंडी. अशिलाची मुलाखत (अशील म्हणून नट बसवलेला असतो), कोर्टातला युक्तिवाद, मसुदा, संशोधन, पत्र. विषय पाच: फौजदारी खटले, दिवाणी वाद, मालमत्ता, मृत्युपत्र-वारसा आणि व्यवसाय-कंपन्या. त्यामुळे दोन वर्षं फक्त रुग्णालयाच्या नोंदी वाचलेल्या उमेदवारालाही जामिनाचा युक्तिवाद तयार ठेवावा लागतो. सहा वर्षांत प्रत्येक भागाचे तीन प्रयत्न मिळतात. दोन्ही भागांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या घरात जाते. शिकवणीचे पैसे वेगळे.

तेव्हा ज्ञानाचा प्रश्न परीक्षा बऱ्यापैकी सोडवते. तिला जे जमत नाही ते वेगळं आहे. फाइलवर 'हा बाहेरच्या क्षेत्राचा मुद्दा आहे' अशी पाटी लावलेली नसते.

तोच रुग्ण घ्या. दावा जिंकला, भरपाईचे दोन लाख पौंड आले, टीम खूश. पण रुग्ण उत्पन्न पाहून मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर जगतो, आणि १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर असा भत्ता बंद होतो. इजेच्या भरपाईला सुरुवातीला ५२ आठवड्यांची सवलत असते, त्यानंतर ती बचतीत मोजली जाते. उपाय आहे: पैसे वेळेत खास ट्रस्टमध्ये ठेवले तर ते धरले जात नाहीत. पण ते सुचायला भत्ते आणि ट्रस्ट यांची जाण लागते, निदान 'इथे काहीतरी आहे, विचारून घेऊ' एवढी शंका यावी लागते. सहा महिने दुसऱ्या विभागात बसलेल्या माणसाला अशी शंका लवकर येते. एकाच टीममध्ये वाढलेल्याला ती यायला शेजारच्या टीमशी बोलण्याची सवय लागते, आणि ती सवय टीमचा प्रमुख लावतो किंवा लावत नाही.

'परवाना सगळ्याचा, अनुभव एकाचा. हे धोक्याचं नाही का?'

हा आक्षेप पोकळ नाही. सॉलिसिटरचा परवाना क्षेत्रानुसार मिळत नाही. वैद्यकीय दाव्यांत वाढलेला माणूस दुसऱ्या दिवशी घराचं खरेदीखत करायला बसला, तर निव्वळ परवान्याच्या नावाखाली त्याला कोणी अडवणार नाही. याउलट 'चार्टर्ड लीगल एक्झिक्युटिव्ह' नावाचा आणखी एक पेशा इंग्लंडमध्ये आहे. तिथे माणूस सुरुवातीपासून एका क्षेत्रात शिकतो आणि स्वतंत्र कामाचे अधिकारही क्षेत्र धरूनच मिळवतो. ते जास्त सुसंगत आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण व्यवहारात तीन कुंपणं आहेत. जे काम आपल्याला नीट जमतं तेच घ्यावं, ही सॉलिसिटरच्या आचारसंहितेतली अट आहे, आणि ती मोडली तर नियामक कारवाई करू शकतो. फर्मला विमा घ्यावाच लागतो, आणि विमा कंपनी कोण कोणतं काम करतं हे विचारते. शिवाय सरकारी खर्चाने दिल्या जाणाऱ्या मदतीत, उदाहरणार्थ पोलीस ठाण्यात आरोपीला सल्ला देणं किंवा इमिग्रेशनचं काम, तिथे परवान्यावर आणखी वेगळी मान्यता लागते.

जुन्या पद्धतीबद्दलही थोडं खरं बोलू. सहा महिने मालमत्ता विभागात फोटोकॉपी काढलेला माणूस मालमत्तेच्या कायद्यात पारंगत होत नसे.

'आणि नंतर मन बदललं तर?'

इथे मात्र सावध राहावं. नियम तुम्हाला कुठेही जाऊ देतो. नोकरी देणारा देईलच असं नाही. कौटुंबिक कायद्याच्या टीममधून आलेल्या नव्या सॉलिसिटरला कंपनी विभागात घ्यायला फर्म कचरते, कारण समोर त्याच कामात सहा महिने बसलेला दुसरा उमेदवार असतो. लंडनच्या मोठ्या व्यापारी फर्म्सनी तर फिरती पद्धत सोडलेलीच नाही. नियमाची सक्ती गेली तरी त्यांना ती हवी आहे.

म्हणून बाविसाव्या वर्षी आपल्याला काय करायचंय हे ठाऊक नसेल तर फिरती जागा मिळत असताना ती सोडून एका टीममध्ये शिरू नये, असं माझं मत. उलट एखादी मुलगी दोन वर्षं भाडेकरूंच्या मदत केंद्रात राबली आहे, तिला तेच करायचंय, तिला बँकांच्या कर्जरोख्यांच्या विभागात सहा महिने बसवून कोणाचं भलं होणार?

क्षेत्राइतकंच टीमकडे पाहायला हवं. चार विभागांत फिरताना एक साहेब वाईट निघाला तर सहा महिने कळ काढायची. एकाच टीममध्ये तो दोन वर्षं तुमचा गुरू. मुलाखतीत विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत: या टीममधून आधी कोण सॉलिसिटर झालं? फाइल स्वतः सांभाळायला केव्हा मिळते? परीक्षेसाठी रजा आणि फी मिळते का? दुसऱ्या विभागात दोन-तीन महिने बसायची सोय आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या टीम असतात, आणि मला तीच तडजोड सगळ्यात शहाणपणाची वाटते.

सही कशाची असते

अनुभवावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची किंवा फर्ममधल्या नियमपालन अधिकाऱ्याची सही लागते. ही सही म्हणजे 'हा माणूस तयार झाला' असा दाखला असतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इतका काळ काम केलं, कौशल्यं कमावण्याची संधी मिळाली, आणि वर्तनाबद्दल काही गंभीर कळलेलं नाही, एवढंच ती सही सांगते. तयार झाला की नाही हे परीक्षा ठरवते. त्यामुळे मनमानी सहीचा अडसर कमी झाला, आणि कच्चा माणूस निव्वळ काळ भरून पुढे सरकण्याची शक्यताही थोडी वाढली.

महाराष्ट्रातल्या मुलांनी काय पाहावं

सनद आधीच हातात असेल तर हे सगळं दोन वर्षांचं प्रकरण तुम्हाला लागूच होत नाही. भारतातला ॲडव्होकेट हा 'आधीच वकील असलेला' उमेदवार धरला जातो. त्याला अनुभवाची अट नाही, परीक्षा आणि चारित्र्याची तपासणी मात्र आहे. पुरेसा अनुभव दाखवला तर दुसऱ्या भागातून सूट मागता येते, पण ती अर्ज तपासून दिली जाते. पहिला भाग भारतातल्या केंद्रावर देता येतो. दुसऱ्या भागाच्या तोंडी परीक्षेला मात्र इंग्लंड किंवा वेल्सला जावंच लागतं.

सनद न घेता थेट तिकडे शिकायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि त्यात व्हिसा हा कळीचा आकडा आहे. शिक्षणानंतर काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा पदवी आणि मास्टर्सवाल्यांना आतापर्यंत दोन वर्षांचा मिळत आला. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. अनुभव हवा २४ महिन्यांचा. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्यासाठी पगाराची सर्वसाधारण पातळी जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड. मदत केंद्रांत किंवा गावाकडच्या छोट्या फर्मच्या एखाद्या टीममध्ये नवख्याला एवढा पगार मिळणं अवघड. एकाच टीममध्ये शिकण्याच्या कित्येक जागा नेमक्या अशाच ठिकाणी असतात.

उरलेले सहा महिने दुसरीकडून भरता येतात, कारण चार ठिकाणांची मुभा आहे आणि कामाचा कायदा इंग्लंडचाच असावा असंही बंधन नाही. विद्यापीठाच्या कायदा सल्ला केंद्रात आठवड्याचा एक दिवस काम केलं तरी ते जमेत धरलं जातं. मुंबई-पुण्यातल्या फर्ममधलं कामही चालतं, मात्र ते ज्याने पाहिलं आहे, किंवा तपासून वरिष्ठांकडून माहिती घेतली आहे, असा इंग्लंड-वेल्सचा सॉलिसिटर सहीला हवा. कोणत्या फाइलवर काय केलं याची नोंद आठवड्याच्या आठवड्याला ठेवावी, आणि सही नोकरी सोडतानाच मागून घ्यावी. सही करणारा माणूस पुढे दुसऱ्या फर्ममध्ये गेला की त्याला गाठून दोन वर्षांपूर्वीचं काम आठवायला लावणं फार जिकिरीचं होतं.